काळ्या बरणीतली दोन गंधकं

इक्थॅमॉल हे काळं औषध मापाने घ्यायचं नाही, तोलून घ्यायचं. काकवीहून दाट असतं. मापात ओतलं तर बरंचसं मापालाच चिकटून राहतं. दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो तेव्हाची ही पहिली ताकीद. दुसरी मी चुकीतून शिकलो. दहा टक्क्यांचं मलम करायचं होतं. घाईत ते काळं औषध थेट व्हॅसलीनवर घातलं आणि लादीवर स्पॅच्युला फिरवत बसलो. हात भरून आला, तरी पांढऱ्यात काळे ठिपके ते ठिपकेच. थोरल्या काकांनी एकदा वाकून पाहिलं. "अरे, आधी लोकरीच्या चरबीत जिरव, मग व्हॅसलीन घाल." तसं केलं आणि पाच मिनिटांत सगळं एकजीव.

असं का, हे काकांनी सांगितलं नाही. मला पुष्कळ पुढे उमगलं, आणि त्याचं मूळ निघालं गंधकात.

हे औषध मुळात दगडाचं. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये झेफेल्डजवळ काळा तेल्या खडक आहे, वीस कोटी वर्षांहून जुना, माशांचे ठसे असलेला. ग्रीकमध्ये मासा म्हणजे इख्थिस, त्यावरून हे नाव. तिथले गावकरी त्या तेलाला थिर्सस नावाच्या राक्षसाचं रक्त म्हणत. 1880च्या दशकात रसायनज्ञ रुडॉल्फ श्रोटर यांनी त्याचं औषध केलं आणि हॅम्बुर्गचे त्वचातज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांनी ते रूढ केलं.

खडक बंद भट्टीत तापवला की तेल निघतं. त्यातलं गंधक सुटं नसतं. चार कार्बनांच्या जोडीने थायोफीनच्या कड्यात घट्ट बसलेलं असतं. इंधनवाल्यांना हे कडं म्हणजे डोकेदुखी. तसंच जाळलं तर सल्फर डायऑक्साइड, आणि फोडायचं तर दाबाखाली हायड्रोजन हवा. एस्टोनियाच्या कुकरसाइट खडकाच्या तेलात गंधक एक टक्क्याच्या आतच असतं, हे तिथल्यांचं नशीब. औषधवाल्यांना मात्र गंधक हवंच. इक्थॅमॉलमध्ये ते दहा टक्क्यांच्या आसपास असतं. औषधवाले तेलावर सल्फ्युरिक ॲसिड घालतात. कडं शाबूत राहतं, ॲसिडातलं गंधक त्याला बाहेरून येऊन जडतं, आणि मग अमोनिया घालून आम्लपणा मारतात. म्हणजे बरणीत गंधकं दोन: एक समुद्रतळाचं, तेलाच्या गोतातलं, दुसरं कारखान्यातलं, पाण्याशी सख्य असलेलं. या दुसऱ्यामुळेच इक्थॅमॉल ग्लिसरीनमध्ये सुखाने मिसळतं आणि व्हॅसलीनवर रुसतं. लोकरीच्या चरबीला मात्र इक्थॅमॉल आणि व्हॅसलीन दोघंही चालतात.

कानाचे डॉक्टर मागतात ते ग्लिसरीनमधलं. त्यात गॉझची वात भिजवून सुजलेल्या कानात ठेवतात. सूज उतरते ती बरीचशी ग्लिसरीन पाणी ओढून घेतं म्हणून, असं माझं मत. काळ्या रंगाला श्रेय जरा जास्तच मिळतं.

रात्री वात गळून उशीच्या अभ्र्यावर डाग पडला, तर रॉकेल-बिकेल लावू नका. ग्लिसरीनमधलं इक्थॅमॉल आहे, ओलं असतानाच साध्या पाण्यात टाका.