वाशीमच्या वाटेवर पेट्रोलचा हिशेब

वऱ्हाडांतील वाशीम हें गांव नांवांच्या बाबतींत मोठें श्रीमंत. वाकाटकांच्या काळीं तें वत्सगुल्म होतें. इंग्रजी कागदपत्रांत बाशीम झालें. आज वाशीम आहे. १९०५ सालीं येथील जुना जिल्हा मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत वांटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हा स्वतंत्र झाला. नांवें आणि सरहद्दी बदलल्या. गांव मात्र जागच्या जागींच राहिलें. मापांचेंही असेंच असतें, याची प्रचीति आम्हांस याच जिल्ह्यांतून प्रवास करतांना आली.

कारंजें येथें श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानाचें दर्शन घेऊन आम्ही मंगरूळपीरमार्गें वाशीमकडे निघालों होतों. बरोबर धाकटे बंधु आणि परदेशांतून सुटीवर आलेली मंडळी होती. गाडी किती ‘अ‍ॅव्हरेज’ देते, हा आपल्याकडील नेहमींचा प्रश्न निघाला. “लिटरला वीस किलोमीटर,” आम्हीं सांगितलें. लंडनचा पुतण्या म्हणाला, “म्हणजे गॅलनला साडेछपन्न मैल, काका.” अमेरिकेंतील जांवई सत्तेचाळीस मैल म्हणाले; आणि जर्मनींतील भाची म्हणाली, “मामा, आमच्याकडे हिला नुसतें पांच म्हणतात!”

चारही आंकडे खरे. मैल १.६०९ किलोमीटरांचा. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरांचा, तर अमेरिकन ३.७८५ लिटरांचा. म्हणून आपल्या आंकड्यास इंग्रजी हिशेबासाठीं २.८२५ नें, अमेरिकनसाठीं २.३५२ नें गुणावें. जर्मन रीत उलटी. शंभर किलोमीटरांस किती लिटर लागले, हें ती विचारते. तेव्हां शंभरास आपल्या आंकड्यानें भागावें. तेथें आंकडा लहान तितकी गाडी काटकसरी. आपल्याकडेही पूर्वीं मैल-गॅलनच चालत. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, तरी ‘मायलेज’ या शब्दांत मैल अजून ठाण मांडून बसला आहे.

या उलट्या रीतीनें आमच्या घरचा एक वाद मिटला. आमच्या दोन गाड्या, दोन्ही पेट्रोलच्या. शेतावरची जुनी जीप लिटरला ८ किलोमीटर धांवते, ही लहान मोटार २०. एकच बदलण्यापुरते पैसे जमले होते. मोटारीच्या जागीं २५ ची घ्यावी, कीं जीपच्या जागीं १० ची? बंधूंचा कौल मोटारीकडे होता. दोहोंच्या वाढीपेक्षां पांचांची वाढ मोठी, हें कोणासही पटेल. भाचीनें तोंडींच भागाकार केला. शंभर किलोमीटरांस मोटारीला ५ लिटर लागतात, ते ४ होतील. जीपला साडेबारा लागतात, ते १० होतील. एकीकडे एक लिटर वांचतो, दुसरीकडे अडीच! दोन्ही गाड्या महिन्याकांठीं सारख्याच धांवतात. त्यामुळें बंधूंनींच जीप काढण्यास रुकार दिला.

ज्या घरीं एकाहून अधिक गाड्या असतील, तेथील कारभाऱ्यांनीं नवी गाडी ठरवितांना हा भागाकार अवश्य करावा. लिटरमागें किलोमीटर किती वाढले, हें ऐकावयास गोड वाटतें. पण घरखर्चाच्या वहींत उतरतात ते लिटरच.