तेल आटलेली कातडी

पूडलचे केस घरभर सांडत नाहीत. ते वाढत राहतात आणि सुटलेला केसही कुरळ्या केसांतच अडकून बसतो. म्हणून आमच्या काळ्या स्टँडर्ड पूडलच्या, चिंगीच्या, माथ्यावर आणि कानांवर टक्कल दिसू लागलं तेव्हा मी हादरले. कुरळेपणा गेला, काळ्या रंगावर तांबूस झाक आली. कंगव्यात पुंजके यायचे आणि त्यांच्या मुळाशी पांढरट, मेणचट खपली चिकटलेली असायची. खाज मात्र फारशी नव्हती.

कुणी गोचिडांना दोष दिला, कुणी खाण्याला. डॉक्टरांनी कातडी खरवडून खरजेचे किडे पाहिले, बुरशी तपासली, थायरॉइडसाठी रक्त घेतलं. कशातच काही सापडेना, तेव्हा जागा बधिर करून त्वचेचे छोटे गोल तुकडे बायोप्सीला पाठवले. निदान झालं: सेबेशियस अ‍ॅडेनायटिस. यात त्वचेतल्या तेलग्रंथींना सूज येते आणि हळूहळू त्या नष्ट होतात. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते, असं मानतात. तेल आटलं की कातडी कोरडी पडते, खपल्या धरते, केस गळतात. मग जंतुसंसर्ग व्हायलाही वेळ लागत नाही.

हा आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. जे तेल कातडी बनवत नाही, ते आम्ही बाहेरून देतो. बेबी ऑइल पाण्यात मिसळून अंगभर चोळायचं, तास-दोन तास मुरू द्यायचं, मऊ ब्रशने खपल्या सोडवायच्या आणि तेलकटपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा शाम्पू करायचा. न्हाणीघर निसरडं होतं, कंबर भरून येते, पण चिंगी निमूट उभी राहते. सोबत डॉक्टरांनी दिलेलं सायक्लोस्पोरिन हे औषध आहे. टक्कल पडलेल्या जागी आता पुन्हा केस आले आहेत. पूर्वीइतके दाट नाहीत, पण कातडी मऊ आहे.

स्टँडर्ड पूडलमध्ये हा आजार आनुवंशिक समजला जातो. वरून धडधाकट दिसणाऱ्या आई-बापांच्या पिल्लांतही तो उतरू शकतो. म्हणून चिंगीची नसबंदी केली. पूडल घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते: पिल्लाच्या गोंडसपणावर जाऊ नका, त्याच्या आई-बापांच्या त्वचेची बायोप्सी झाली आहे का ते विचारा. आणि घरातल्या पूडलचे केस गळू लागले, तर घरगुती उपायांत महिने घालवू नका. नेमकं निदान करून घ्या.