चिमणी मधोमध हवी

माउंट व्हर्ननचं घर दुरून दगडी दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की ते लाकडी आहे. पाइनच्या फळ्यांना दगडी चिऱ्यांसारखे सांधे पाडलेत आणि रंग ओला असतानाच त्यावर वाळू मारली आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराला खोटा दगड, याची मला आधी गंमत वाटली. मग दर्शनी बाजूकडे लक्ष गेलं. दार बरोबर मध्ये नाही. खिडक्याही दोन्हीकडे सारख्या अंतरावर नाहीत. एकदा हे दिसलं की मग तेच दिसत राहतं.

मला ते जरा जास्तच दिसलं, कारण त्याच आठवड्यात मी दादाशी खिडकीवरून भांडलो होतो. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. मी इथे उत्तर व्हर्जिनियात नोकरीला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या पगारातून आणि कर्जातून आई-बाबांसाठी नवं घर उभं राहतंय, ते दादाच्या भरवशावर. तो संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. माझी तेव्हा सकाळ असते. कॉफी पीत मी एकेक फोटो झूम करून बघतो. हॉलची खिडकी भिंतीच्या मधोमध नव्हती, चार इंच डावीकडे गेली होती. मी फोटोवर लाल गोल काढून परत पाठवला होता.

माउंट व्हर्ननचा गाइड बोलता बोलता सांगून गेला की या घराचं सगळ्यात मोठं बांधकाम चालू होतं तेव्हा मालक घरी नव्हताच. पत्रं लिहून काम करवून घेत होता. ही पत्रं 'फाउंडर्स ऑनलाइन' या साइटवर फुकट वाचता येतात. त्या रात्री मी वाचायला बसलो आणि पुढचे कित्येक दिवस वाचत राहिलो.

मूळ घर जॉर्जच्या वडिलांनी 1734 मध्ये बांधलेलं, दीड मजली. जॉर्जने ते दोनदा वाढवलं. 1758 मध्ये छप्पर उचलून वर पूर्ण मजला चढवला, तेव्हाही तो घरापासून दूर, फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत होता. दुसरं आणि मोठं काम 1774 मध्ये काढलं. दक्षिणेला खाली अभ्यासिका आणि वर झोपायची खोली, उत्तरेला दोन मजले उंचीचा हॉल, पोटोमॅक नदीकडे घराच्या लांबीइतकी ओसरी. सगळं मिळून एकवीस खोल्या. काम सुरू झालं आणि मे 1775 मध्ये मालक काँग्रेसच्या अधिवेशनासाठी फिलाडेल्फियाला गेला. जूनमध्ये तिथे त्याला सरसेनापती केलं. त्यानंतर त्याने हे घर पाहिलं ते थेट सप्टेंबर 1781 मध्ये, यॉर्कटाउनच्या लढाईला जाता जाता. सहा वर्षांहून जास्त काळ हे घर त्याने फक्त पत्रांतून पाहिलं.

पत्राच्या दुसऱ्या टोकाला लुंड वॉशिंग्टन होता. जॉर्जचा दूरचा चुलत भाऊ आणि त्याच्या जमिनीचा कारभारी. सुतारांमागे लागणं, सामान जमवणं, वेठीला धरलेल्या शेकडो माणसांकडून शेती करवून घेणं आणि हे सगळं लिहून कळवणं, ही त्याची नोकरी.

ऑगस्ट 1776 मध्ये वॉशिंग्टन न्यूयॉर्कमध्ये होता. समोर स्टेटन आयलंडवर ब्रिटिशांचं तीस हजारांवर सैन्य उतरलं होतं. 19 ऑगस्टला तो लुंडला पत्र लिहितो. त्यात लढाईच्या बातम्या आहेत आणि झाडं कशी लावायची हेही आहे. घराच्या दोन्ही टोकांना झाडी हवी, पण रांगेत नको, आपोआप उगवल्यासारखी वाटली पाहिजे. उत्तरेच्या बाजूला फक्त लोकस्टची झाडं. आठ दिवसांनी लाँग आयलंडची लढाई झाली आणि त्याच्या सैन्याला रातोरात नदी ओलांडून माघार घ्यावी लागली.

30 सप्टेंबरचं पत्र त्याहून बेचैन करणारं आहे. हार्लेमच्या टेकडीवरून तो लिहितो की शत्रूला सगळ्यात कडू शाप द्यायचा झाला, तर मी त्याला माझ्या जागी ठेवीन. सैन्य विस्कटलेलं, शिस्त नाही, बदनामी होणार याची खात्री. आणि त्याच पत्रात शेवटाकडे: नव्या हॉलची चिमणी बरोबर मधोमध आली पाहिजे, दारं आणि बाकी सगळं तिच्या मापाने दोन्हीकडे सारखं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. मग आठवलं, आमच्या ऑफिसात एका सकाळी टीममधली निम्मी माणसं कमी केली, त्या रात्री मी बाथरूमच्या टाइल्सच्या दोन रंगांवर दोन तास घालवले होते. नोकरी माझ्या हातात नव्हती. व्हिसा हातात नव्हता. टाइल्स होत्या. वॉशिंग्टनला न्यूयॉर्क राखता येत नव्हतं, पण चिमणी मध्ये आणता येत होती.

लुंडची उत्तरं वाचताना मात्र मला दादाचा आवाज ऐकू यायला लागला. सुतार वेळेत काम करत नाही. अमुक सामान मिळत नाही, युद्धामुळे सगळं महाग झालंय. 1775 मध्ये खालच्या जेवणाच्या खोलीच्या छतावर गिलाव्याची नक्षी झाली. आजही लोक माना वर करून ती बघतात. ती करणारा कारागीर पत्रांत 'स्टको मॅन' एवढाच आहे. गिलाव्यावाला माणूस. घरातलं सर्वांत देखणं काम त्याचं आणि नाव कुणीच लिहून ठेवलं नाही.

तो निदान पगारी होता. विटा पाडणारे, लाकूड तासणारे, ओझी वाहणारे बरेचसे गुलाम होते. पत्रांमध्ये चिमणीचं माप सापडतं, ही माणसं क्वचितच. ती ठळकपणे कागदावर आली ती निघून गेल्यावर. एप्रिल 1781 मध्ये 'सॅव्हेज' नावाचं ब्रिटिश जहाज पोटोमॅकमधून वर आलं आणि सतरा जण त्यावर गेले. लुंडने यादी केली. गनर, वय सुमारे 45, विटा पाडणारा, किमती. सॅम्बो, वय सुमारे 20, धडधाकट. स्टीफन, वय सुमारे 20, पिंपं बनवणारा. वय, धंदा, तब्येत. चोरीला गेलेल्या मालाची लिहितात तशी यादी.

लुंड जहाजावर गेला, घर जाळू नये म्हणून त्यांना खाण्यापिण्याचं सामान दिलं, आपली माणसं परत मागितली. हे कळल्यावर वॉशिंग्टनने त्याला झापलं. त्याचं म्हणणं, नकार दिल्याबद्दल त्यांनी माझं घर जाळलं असतं, मळा उद्ध्वस्त केला असता, तरी मला कमी दुःख झालं असतं. लुंडने शत्रूला खाऊ घातलं, हे त्याला लागलं होतं. ज्या घराच्या चिमणीचा एक इंच त्याला सोसवत नव्हता, ते जळालेलं चाललं असतं. सतरा माणसं का गेली, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. यॉर्कटाउननंतर त्यातले सात जण पकडून परत आणले. गनर आणि सॅम्बो त्यांत होते. डेबोरा नावाची तरुणी सापडली नाही. ती 1783 मध्ये ब्रिटिशांच्या जहाजातून नोव्हा स्कोशियाला गेली. सॅम्बो अँडरसन पुढे सुतार म्हणून नोंदींत दिसतो. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रानुसार तो 1801 मध्ये मुक्त झाला.

आणि लुंड? युद्ध संपता संपता मालकाच्या लक्षात आलं की याने एप्रिल 1778 पासून पगारच घेतलेला नाही.

हे वाचलं त्या रात्री मी दादाची हिशेबाची एक्सेल शीट उघडली. शीट मीच बनवून दिली होती, फॉर्म्युल्यांसकट. सिमेंट, स्टील, वाळू, सेंट्रिंग, मजुरी. दादाच्या नावाने एक रुपया नव्हता, त्याच्या पेट्रोलचासुद्धा. खाली स्क्रोल करताना 'इतर'मध्ये एक ओळ दिसली. दवाखाना, 4,200. तारीख दीड महिन्यापूर्वीची. मी ही शीट दर रविवारी बघत होतो. बेरीज बघत होतो.

दादाला फोन लावला. "घरात कुणाला काय झालं होतं?"

"घरात नाय रे. गवंडीमामा परांचीवरून पडले, गिलावा करताना. हात मोडला. तू म्हणला होतास ना खिडकी सरकवायची, तेव्हाच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. आणि सांगून तू काय करणार होतास तिथनं?"

खरं होतं. मामा मजूर आहेत, गुलाम नाहीत. त्यांना नको वाटलं तर ते उद्या दुसऱ्या साइटवर जाऊ शकतात, आणि हा फरक लहान नाही. ते घर बांधणाऱ्यांच्या दुःखाशी माझ्या चार इंचांची तुलना होत नाही. पण फोटोत काय बघायचं हे मी ठरवत होतो. नंतर मी त्या दिवसाचा फोटो शोधला. खिडकी आहे, माझा लाल गोल आहे. डाव्या कोपऱ्यात परांची आणि त्यावर चढलेल्या माणसाचे दोन पाय. ते मी कापून टाकले नव्हते. मला ते दिसलेच नव्हते.

दोन दिवसांनी दादा मामांच्या घरी गेला आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. मामा पडवीत बसले होते. प्लास्टर निघालं होतं, हात अजून पूर्ण वळत नव्हता. मी मनाशी बरंच ठरवून ठेवलं होतं. औषधाचा खर्च, बुडालेले खाडे, माफी. पहिल्यांदाच आम्ही एकमेकांचा चेहरा बघत होतो. मी नीट सुरुवात करण्याआधीच ते स्क्रीनच्या जवळ आले आणि म्हणाले,

"साहेब, खिडकी आली का आता बरोबर मधी?"