कोळशावरची वई

इंग्लंडच्या मध्यावर, लेस्टरशायर, डर्बीशायर आणि स्टॅफर्डशायर या तीन काउंट्या जिथे एकमेकींना भिडतात, तिथल्या सुमारे २०० चौरस मैलांच्या मुलखाला ‘नॅशनल फॉरेस्ट’ म्हणतात. नाव ऐकून एखादं जुनं, घनदाट, राखीव अरण्य डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात हा शेतांचा, गावांचा आणि बंद पडलेल्या कोळसाखाणींचा प्रदेश. १९९० साली इथे नवं जंगल उभारायचं ठरलं, १९९५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि तेव्हापासून ९० लाखांहून अधिक झाडं लागली. सुरुवातीला जेमतेम सहा टक्के जमीन झाडांखाली होती. आज ते प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे आहे. डॉनिस्थॉर्पची खाण १९९० मध्ये बंद झाली, तिच्या जागी आता वनोद्यान आहे. अशा ठिकाणी सुटीच्या दिवशी गावकऱ्यांच्या निसर्गफेऱ्या निघतात आणि हिवाळ्यात वई, म्हणजे झुडपांचं कुंपण, घालण्याच्या, ओल्या लाकडाच्या वस्तू घडवण्याच्या कार्यशाळा भरतात. वई घालणं आणि ती घालायला शिकवणं हे माझं काम. त्या कामातून एक मत पक्कं झालं आहे, ते असं: फेरी आणि कार्यशाळा हे दोन वेगळे कार्यक्रम नाहीत. एकमेकांपासून तोडले की दोन्ही पोकळ होतात. हत्यार हाती न घेता केलेली फेरी नुसती सहल उरते, आणि जमीन न पाहता शिकलेली कारागिरी दिवाणखान्यातल्या फळीवर जाऊन बसते.

फेरीत काय दिसतं, ते आधी पाहू. खाणीच्या जुन्या ढिगावरच्या पायवाटेला पानांचा थर बाजूला सारला की काळपट, पापुद्र्यांसारखे सुटणारे दगडाचे तुकडे हाताला लागतात. ही माती नव्हे; कोळशाबरोबर वर आलेला शेल आहे. त्यात गंधकाचं प्रमाण असलं की हवापाणी लागून आम्ल तयार होतं, म्हणून अशा जागी बर्च आणि पाइन तग धरतात, बाकीची झाडं रडतखडत वाढतात. मध्येच ऑल्डरची रांग दिसली, तर तीही उगाच नसते. ऑल्डरच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, आणि या दगडात नेमकी त्याचीच वानवा असते. ओकथॉर्पजवळ सॉल्टर्सफर्ड खोऱ्यातल्या ज्या पाण्यावर आज पक्षी उतरतात, ते पाणी खालच्या खाणकामामुळे जमीन खचून साठलेलं आहे. एखाद्या जुन्या वईपाशी थांबून तीस यार्डांत झुडपांच्या किती जाती सापडतात, ते मोजायला सांगता येतं. मॅक्स हूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने आडाखा मांडला होता, की एका जातीमागे साधारण शंभर वर्षं धरावीत. नुसता हॉथॉर्न असेल तर वई गेल्या दोन-अडीचशे वर्षांतली. त्यात हेझल, फील्ड मेपल, डॉगवुड मिसळलेले असतील तर ती कितीतरी जुनी. आडाखा ढोबळ आहे. हल्ली मिश्र रोपांच्याच वया लावतात, तिथे तो साफ चुकतो. पण मोजायला वाकलेला माणूस झुडपाकडे पहिल्यांदाच नीट बघतो, हे त्याचं खरं मोल. चांगल्या फेरीतून एवढं उमगतं, की इथलं टेकाड, तळं, झाडोरा, कुंपण यांतलं काहीच आपसूक झालेलं नाही. मात्र माणसाच्या हाताने ते कसं झालं आणि कशाने टिकतं, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

कोकणात वई म्हटलं की काट्याकुट्यांची किंवा शेराची ओळ आठवते. इथली वई उभ्या, जिवंत झुडपांना आडवं निजवून घालतात. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, झाडं सुप्त असतात तेव्हाचा. मनगटाएवढ्या हॉथॉर्नच्या खोडावर, जमिनीपासून थोड्या उंचीवरून बिलहुक, म्हणजे इथला कोयता, तिरपा खाली उतरवायचा. घाव जवळजवळ आरपार न्यायचा आणि साल व तिला धरून असलेली लाकडाची पातळ पट्टी तेवढी राखायची. मग खोड चढाच्या दिशेने सावकाश निजवायचं. पट्टी जाड राहिली तर वाकताना तडकते, फार पातळ झाली तर पुढे वाळते. बरोबर साधली तर निजलेलं खोड वसंतात पालवतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुंध्यातून नवे धुमारे सरळ वर येतात. उसाचा खोडवा राखणाऱ्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको. बुंध्यावर उरलेला काप साफ आणि उतरता ठेवायचा, नाहीतर पाणी साचून तो कुजतो. मिडलँडच्या, म्हणजे या मध्य इंग्लंडच्या, पद्धतीत काटेरी झुबके गुरांच्या बाजूला काढतात, दर दीड फुटाला खुंट ठोकतात आणि माथ्यावर हेझलच्या लवचीक काठ्या पिळून वेणी घालतात. मांसासाठी पोसलेले वजनदार बैल अंग टाकून वई मोडतात, त्यांना थोपवायला ही रचना. अशी वई पंधरा-वीस वर्षं काम देते, मग पुन्हा घालावी लागते. जुनं माप साखळीचं: एक साखळी म्हणजे २२ यार्ड, क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी. कसबी माणसाची ती दिवसाची मजल. नवशिक्याच्या वाट्याला चार-पाच यार्ड आले तरी पुष्कळ.

आता या कामाने फेरीत काय भर पडते, ते पाहा. ज्याने एकदा खोड निजवलं आहे, त्याला पुढच्या फेरीत वाढून गेलेल्या वईच्या पोटात आडवं गेलेलं, मांडीएवढं जाड खोड दिसलं की ते आपोआप वाढलेलं नाही, कुणीतरी कधीकाळी निजवलेलं आहे, हे लगेच ओळखू येतं. त्या आडव्या खोडावरून वर गेलेल्या फांद्यांचं वय अजमावलं की वई घालणं कधी थांबलं, म्हणजेच शेतावरची माणसं कधी कमी झाली, याचा अंदाज बांधता येतो. दुसरी गोष्ट हिशेबाची. एका साखळीला दीड-दीड फुटावर चव्वेचाळीस खुंट लागतात, वर वेणीच्या काठ्या वेगळ्या. या काठ्या सरळ, बोटाएवढ्या, पिळल्या तरी न मोडणाऱ्या हव्यात. त्या मिळतात दर सात-आठ वर्षांनी बुडापासून तोडल्या जाणाऱ्या हेझलपासून, आणि त्या हेझलला ऊन हवं, म्हणून वरची दाटी विरळ करावी लागते. वईला काठ्या, काठ्यांना रान, रानाला ऊन, उन्हासाठी तोड. झाड तोडणं म्हणजे निसर्गाची हानी, अशी समजूत घेऊन आलेला माणूस दुपारपर्यंत ‘आणखी काठ्या कुठे मिळतील’ असं विचारू लागतो. व्याख्यानाने हा बदल होत नाही. अपुऱ्या पडलेल्या काठ्या तो घडवतात.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा, आणि तो वजनदार आहे. या गावांची परंपरा कोळशाची आणि स्वॉडलिनकोट गावच्या कुंभारकामाची; खाणकामगारांच्या नातवंडांच्या हाती कोयता देऊन त्यांना सुखी खेड्याचं नाटक का करायला लावायचं? वई हे सुखी खेड्याचं चिन्ह नाही, हे तर मीही म्हणेन. हॉथॉर्नच्या सरळसोट वया मुख्यतः १७५० नंतरच्या शंभर वर्षांत, सामाईक जमिनी संसदेच्या कायद्यांनी खासगी होत गेल्या तेव्हा लागल्या. ज्याची गाय गायरानावर चरत होती, त्याच्या दृष्टीने ती वई म्हणजे बंद झालेलं दार होतं. इथल्याच ॲशबी वोल्ड्सची सामाईक जमीन १८०० च्या सुमारास अशीच बंदिस्त झाली. त्याच भागात मॉयराच्या अर्लने, म्हणजे तिथल्या उमरावाने, कोळसा काढला आणि १८०४ ते १८०६ या काळात लोखंडाची भट्टी उभारली. ती भट्टी चालली थोडेच दिवस, पण इमारत अजून उभी आहे. तेव्हा वई आणि खाण यांतली एक गोड नि दुसरी काळी, असं नाही. एकाच उलथापालथीतून दोन्ही आल्या. आणि लाकडाचं कसब खाणीला परकं कधीच नव्हतं. भुयाराचं छत लाकडी टेकूंवर पेललेलं असे आणि टेकू मोडण्याआधी कुरकुरतो, ती कुरकुर ऐकणं हे तिथलं शहाणपण होतं. पहिल्या महायुद्धात लाकडाची, विशेषतः अशा टेकूंची, टंचाई झाली. १९१९ मध्ये सरकारी वनखातं स्थापन होण्यामागे ते एक मोठं कारण होतं. हे सगळं वगळून वई घालायला शिकवली, तर आक्षेप खरा ठरतो. म्हणून ते सांगणं हा शिकवण्याचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा: ट्रॅक्टरला लावलेलं यंत्र तासाभरात जेवढी वई छाटतं, तेवढी घालायला माणसाला कित्येक दिवस लागतात. हिशेब बरोबर आहे. पण ही दोन कामं एक नव्हेत. यंत्र वरचा वाढलेला भाग झोडपतं. बुंध्यातून नवी फूट आणत नाही. वर्षानुवर्षं एकाच उंचीवर झोडपलेली वई वर दाट आणि खाली उघडी पडते, तिच्या पायांतून मेंढरू सहज निघून जातं आणि शेवटी तारेचं कुंपण घालावं लागतं. हॉथॉर्नला फुलं येतात ती आदल्या वर्षाच्या फांदीवर, त्यामुळे दरवर्षी झोडपली तर फुलं नाहीत, फुलं नाहीत तर पक्ष्यांना हिवाळ्यात फळंही नाहीत. यंत्राचं वैर करायचं कारण नाही. दोन-तीन वर्षांआड फिरवलं तर ते उपयोगीच आहे. मात्र पंधरा-वीस वर्षांतून एकदा हातच लावावा लागतो. राष्ट्रीय पातळीवर वई घालणाऱ्यांची संस्था १९७८ मध्ये निघाली, ती हे हात संपत चालले म्हणूनच.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा. माणसाने या जमिनीचं पुरेसं नुकसान केलं आहे. आता तिला तिच्यावर सोडा. काही ढिगांच्या बाबतीत मला हे पूर्ण मान्य आहे. तिथे बर्च कुणी न लावता येतो, उघड्या दगडावर असे कीटक नांदतात ज्यांना दाट सावली चालत नाही, आणि तिथे झाड लावणं हाच अविचार ठरेल. पण एकाच वेळी, एकाच अंतरावर लावलेली हजारो झाडं हे रान नव्हे, ते लावणीचं पीक आहे. ती एकदम वाढतात, माथे मिळतात आणि खाली अंधार होतो. जुन्या रानांतलं ब्लूबेल इतक्या संथपणे पसरतं, की नव्या लागवडीत ते आपणहून पोहोचायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. त्यात २०१२ मध्ये ॲशच्या झाडांवरचा बुरशीजन्य रोग ब्रिटनमध्ये आढळला, आणि तरण्या लागवडींतला ॲश वाळू लागला. विरळणी तर करावीच लागणार. मग तो ॲश चिरफळ्या करून जाळायचा, की ओला असतानाच फोडून त्याचे दांडे आणि बाकांचे पाय घडवायचे, एवढाच प्रश्न उरतो. सोडून देणं हाही एक निर्णय आहे आणि तो जागा पाहून घ्यायचा असतो. जागा पाहता येणं हे पुन्हा फेरीचं आणि हाताच्या कामाचं फळ.

चौथा आक्षेप पोटापाण्याचा, आणि इथे मला पुरतं उत्तर देता येत नाही. खाणीने शेकडो घरांना पगार, संघटना आणि पत दिली. शनिवारची कार्यशाळा त्यातलं काही देत नाही. वई घालण्याला मीटरमागे सरकारी अनुदान आहे, त्यावर थोड्या लोकांचा हिवाळा निघतो. त्यापलीकडे ‘हस्तकलेतून रोजगार’ अशी भाषा करणारे लोकांना फसवतात. वर अनेक ठिकाणी शुल्क इतकं असतं, की लांबच्या शहरातले सुखवस्तू लोक येऊन तिवई घडवून नेतात आणि शेजारच्या गल्लीतला माणूस फाटकाबाहेर राहतो. गायरानाच्या वईची ही नवी आवृत्ती झाली. म्हणून स्थानिकांना शुल्क नसावं, हत्यारं सामाईक असावीत, आणि काम सार्वजनिक जागेवरच्या वईचं असावं. रोजगार मिळणार नाही. पण आपल्या परिसराचं काय करायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत खुंट, काठी, विरळणी यांवर अधिकाराने बोलता येईल. खाण बंद झाली तेव्हा पगाराबरोबर जाणकार म्हणवून घ्यायचा मानही गेला होता. त्यातला दुसरा भाग थोडाफार परत मिळवता येतो.

चंद्रपूर-वणीच्या खाणींभोवतीही मातीदगडांचे डोंगर उभे आहेत आणि त्या खाणीही एक दिवस थांबणार आहेत. तिथे मिडलँडची वई न्यायची गरज नाही. तिथला बांबू, तिथला बुरूड, तिथलं गवत वेगळं आहे. नेण्यासारखी आहे ती कसोटी. किती झाडं लावली, किती लोक फेरीला आले, हे आकडे अहवालाला पुरतात, जमिनीला नाही. पहिला प्रश्न असा विचारावा, की कार्यक्रम संपल्यावर जमिनीवर काय उभं राहिलं आणि तीन वर्षांनी ते कोण सांभाळतं आहे. दुसरा, तोडायचं काय आणि राखायचं काय, हे सांगू शकणारी किती माणसं त्याच गावात तयार झाली. वई पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा घालावीच लागते, त्यामुळे माझ्या कामाचं उत्तर तेव्हाच मिळेल: ती घालायला बाहेरून माणूस बोलवावा लागला, तर फेऱ्या आणि कार्यशाळा कितीही रंगल्या असल्या, तरी शिकवण्यात मी कमी पडलो असं धरावं.