दोन वर्षांचा हिशेब

एम.सी.ए. हा अभ्यासक्रम कैक वर्षे तीन वर्षांचा होता. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून तो दोन वर्षांचा झाला आणि त्या वगळलेल्या एका वर्षाने आमच्या बहिणीच्या घरी, टिळकवाडीत, नवी आशा उत्पन्न केली. भाची बी.सी.ए. झालेली, बेळगावातच एका छोट्या कंपनीत दरमहा १८ हजारांवर प्रोग्रॅमिंगचे काम करते. मेहुणे उद्यमबागेतील फाउंड्रीतून निवृत्त झाले आहेत. "मामा, दोनच तर वर्षं!" असे ती म्हणाली आणि वही आमच्यापुढे सरकविली. जन्मभर बँकेत कर्जप्रकरणे तपासली, एवढाच काय तो आमचा या विषयातील अधिकार.

पुण्याच्या ज्या खासगी महाविद्यालयाचे नाव तिच्या मनात होते, तेथील शुल्क वर्षाला १ लाख ३० हजार. राहणे-जेवणे काटकसरीने धरले तरी महिना ९ हजार. दोन वर्षांचे मिळून ४ लाख ७६ हजार झाले. घरातील मंडळी येथेच थांबतात. परंतु सोडलेला पगारही खर्चच असतो, आणि तो ४ लाख ३२ हजार होतो. म्हणजे दोन वर्षांची किंमत ९ लाखांच्या वर गेली.

कर्ज मिळण्याची अडचण नाही. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ताही नाही. पण त्या काळात व्याज झोपलेले नसते. दर दहा टक्के आणि रक्कम दोन वार्षिक हप्त्यांत उचललेली धरली, तर परतफेड सुरू होताना ४ लाखांचे ५ लाख झालेले असतात आणि पुढे पाच वर्षे दरमहा साडेदहा हजारांहून थोडे अधिक भरावे लागतात. बड्या कंपन्यांत नवख्याला मिळणारा पगार कितीतरी वर्षे वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलेला आहे. भाची येथेच राहिली तरी दोन वर्षांत २५ हजारांपर्यंत पोहोचेल असा तिच्या मालकांचा शब्द आहे. मग महिन्याला चार हजारांच्या वाढीसाठी साडेदहा हजारांचा हप्ता! असे प्रकरण टेबलावर आले असते तर आम्ही शेऱ्यासह परत पाठविले असते.

त्यात काळही अनुकूल नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि नवख्यांकडून करवून घेतले जाणारे किरकोळ कोड यंत्र लिहू लागले. २०२५ च्या जुलैत टी.सी.एस.ने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. भाचीचे म्हणणे उलटे. ती म्हणते, किरकोळ काम यंत्राकडे गेले म्हणूनच डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम यांचा पाया पक्का हवा. मुद्दा खरा आहे. मात्र हे विषय आय.आय.टी.चे प्राध्यापक एन.पी.टी.ई.एल.वर विनामूल्य शिकवितात, तेव्हा केवळ ज्ञानासाठी एवढी रक्कम मोजण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

मोजायची ती कागदासाठी, आणि कागद स्वस्त नसतो. बँकांच्या आय.टी. अधिकारी पदाला संगणक विषयातील चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी अथवा पदव्युत्तर पदवी लागते, नुसत्या बी.सी.ए.ला तेथे दार बंद. परदेशी जायचे तर अमेरिकेत तीन वर्षांची पदवी तेथील चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची सहसा धरत नाहीत. आणखी एक वाट आहे, तिची वाच्यता फारशी होत नाही : पदवीधराने पूर्वीच्या डोएकची, म्हणजे आताच्या एन.आय.ई.एल.आय.टी.ची, 'बी' लेव्हल उत्तीर्ण केली, तर त्याच बँक परीक्षेला तो बसू शकतो, आणि ती नोकरी सांभाळूनही करता येते. इग्नूची एम.सी.ए.सुद्धा आहेच.

आम्ही हे सारे मांडल्यावर बहीण म्हणाली, "दादा, पाटल्या मोडू, पण पोरीला पाठवू." आम्ही विरोध केला. मेहुणे तोवर गप्प होते. ते एवढेच म्हणाले, की भट्टीतला रस ओतायला आला की नाही हे ते रंगावरून सांगत. डिप्लोमा होऊन आलेल्या पोरांना त्यांनीच ते शिकविले, आणि वर्षभरात तीच पोरे त्यांच्या हजेरीपटावर सही करू लागली. असे तीस वर्षे चालले. आमच्या वहीत या रकमेसाठी रकाना नव्हता.

शेवटी असे ठरले, की त्या महाविद्यालयाचा नाद सोडायचा. सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत स्वतंत्र तरतूद आहे. तिचा आधार घेऊन सी.ई.टी. द्यायची आणि विद्यापीठाच्या विभागात, कमी शुल्काच्या जागी, प्रवेश मिळाला तरच नोकरी सोडायची. न मिळाल्यास इग्नू की 'बी' लेव्हल, हे ती स्वतः ठरवील. पाटल्या लॉकरमध्येच आहेत. भाची सध्या कामावरून आल्यावर रात्री अकरापर्यंत गणित सोडविते आणि अडले की आम्हांस फोन करते. चक्रवाढ व्याजाच्या पलीकडचे गणित आम्हांस येत नाही, हे तिला अजून पटलेले नाही.