'पेंडिंग' म्हणजे कुठे?

एका कंपनीच्या मासिकासाठी तीन लेख लिहिले आणि त्यांची बिलं त्यांच्या वेब पोर्टलवर टाकली. दोन महिने स्टेटस एकच... 'पेंडिंग विथ अप्रूव्हर'. फोन केला की उत्तर ठरलेलं, 'मॅडम, सिस्टीममध्ये आहे.' इकडे भाडं थकलेलं, आणि घरमालक काकू रोज जिन्यात भेटून गोड हसणार. डोक्याला नुसता शॉट!

माझी रूममेट आयटीवाली. जुनी वेब अॅप्लिकेशन्स उलगडून त्यामागचं ऑफिसचं कामकाज शोधणं हाच तिचा जॉब. नियमांचे कागद हरवलेले, बनवणारे नोकरी सोडून गेलेले, उरतं फक्त चालतं सॉफ्टवेअर. याला म्हणतात रिव्हर्स इंजिनीअरिंग. चिकॉफ्स्की आणि क्रॉस या जोडीने १९९० मध्ये त्याची व्याख्याच केली होती : भाग ओळखा, त्यांचे संबंध शोधा आणि वरून दिसणारं चित्र काढा.

'चल, काढू या तुझं चित्र,' ती म्हणाली. रविवारी चहा घेऊन बसलो. 'हे बघ, प्रत्येक कम्पल्सरी रकाना म्हणजे कुणीतरी केलेला नियम. प्रत्येक स्टेटस म्हणजे कुणाचं तरी टेबल.' मग बिलांची हिस्टरी उघडली. बिल नंबर, काय झालं, कधी झालं. विल व्हान डर आल्स्ट या डच प्राध्यापकांचं 'प्रोसेस मायनिंग' मुळात याच तीन गोष्टींवर चालतं म्हणे!

तिन्ही बिलं एकाच वाटेने जाऊन एकाच टेबलाशी अडली होती. मागच्या वर्षीचं एक बिल मात्र पास झालेलं. ते कुणी केलं होतं? मासिकाच्या संपादकांनी. आणि त्यांनी तर मधेच राजीनामा दिलेला! म्हणजे माझं भाडं एका रिकाम्या खुर्चीची वाट बघत होतं.

या वेळी मेलमध्ये रडगाणं गायलं नाही. आमच्या कागदाचा फोटो जोडला आणि त्या टेबलावर लाल गोल केला. आठवड्यात पैसे जमा! शिवाय अकाउंट्समधून फोन, 'मॅडम, तिथे अजून अकरा जणांची बिलं निघाली.'

अकरा जण! प्रत्येक जण माझ्यासारखाच स्वतःला कमनशिबी समजत बसलेला.

'आणि मॅडम, तो कागद नीट काढून पाठवाल का? आमच्याकडे असलं काहीच नाहीये.'

पाठवला. फुकट. त्याचं बिल पुन्हा त्या पोर्टलवर कोण टाकणार?