लक्ष्मीच्या साडीवरची जर

बडोद्याला एम.ए.ला कलेतिहास घेतला तेव्हा आजीने विचारलं, "म्हणजे चित्रं काढायला शिकणार?" नाही, दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांबद्दल बोलायला शिकणार, म्हटलं. "ते आम्ही फुकट बोलतो," ती म्हणाली. "त्याला फी कशाला?"

पहिल्या वर्षी राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंग म्युझियममध्ये रविवर्म्याची तैलचित्रं पाहिली. वर्गातले बाकीचे रंगलेपनाबद्दल बोलत होते आणि मला मात्र माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं. हे चेहरे, ही नेसण मी साताऱ्याच्या आमच्या घरात रोज बघत वाढले होते. देवघराच्या वर त्याच्या छापखान्याची कमळातली लक्ष्मी होती.

दुसऱ्या वर्षी क्युरेटिंगच्या पेपरसाठी घरून एक वस्तू आणायची होती. तिची नोंद करायची, लेबल लिहायचं, मग छोट्या प्रदर्शनात मांडायची. मी लक्ष्मी मागितली. आजी दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "ने. पण शुक्रवार चुकवायचा नाही." प्रदर्शनात एक शुक्रवार येत होता, हे मी सांगितलं नाही.

रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. शिळाछपाईत एकेका रंगासाठी वेगळा दगड लागतो. एकच कागद कितीतरी वेळा दाबाखाली जातो, दर वेळी नेमका जागेवर बसावा लागतो, आणि शेवटी वॉर्निश देऊन तैलचित्राची चकाकी आणतात. हे सगळं मी लेबलच्या कच्च्या खर्ड्यात हौसेने लिहिलं. चित्रकार, छापखाना, तंत्र, माप. झालं.

मग फ्रेम उघडली.

काचेतून जे नुसतं चमकत होतं ते छापलेलं नव्हतंच. लक्ष्मीच्या साडीवर मखमलीचे तुकडे कातरून चिकटवले होते, काठाला खरी जर शिवली होती, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि बारीक मणी होते. त्या काळी बायका अशा तसबिरी सजवत, हे वर्गात शिकले होते. आमच्या घरातली तसबीर तशी आहे हे मात्र बावीस वर्षांत दिसलं नव्हतं. मागून पाहिलं तर टाके इतके सरळ की लाज वाटावी. (मला अजून बटण लावता येत नाही.) आणि मी नोंदीच्या कागदावर, 'नुकसान व नंतरचे फेरफार' या रकान्यात, पेन्सिलीने लिहिलं: जर, टिकल्या, मखमल.

रात्री ते खोडलं आणि आजीला फोन लावला. हे कुणी केलं?

"आमच्या सासूबाईंनी. दुपारी सगळे झोपले की खिडकीत बसायच्या."

त्यांचं नाव हवं होतं, लेबलवर घालायला. आजीने सांगितलं. मी रविवर्म्याच्या नावाखाली, त्याच मापाच्या अक्षरात, पणजीचं नाव टाईप केलं. स्वतःवर बरीच खूष होते. लेबलचा फोटो काढून घरी पाठवला.

थोड्या वेळाने आजीचाच फोन आला. "छान दिसतंय. पण हे सासरचं नाव गं. लग्नात ठेवलेलं. त्यांना ते आवडायचं नाही, एकदा बोलल्या होत्या मला."

"मग माहेरचं काय होतं?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. "मी कधी विचारलंच नाही. सासूला असलं कोण विचारतं?"

वडिलांना विचारलं, चुलत आत्यांना विचारलं. पणजीच्या माहेरचं गाव दोघींना ठाऊक होतं, नाव कुणालाच नाही. प्रदर्शन सुरू व्हायला दोन दिवस होते. मी सासरचं नाव ठेवलं आणि खाली एक ओळ वाढवली: माहेरचं नाव घरात कुणाला माहीत नाही. लेबलमध्ये असली वाक्यं सहसा नसतात. कुणी हरकत घेतली नाही, बघायला आलेल्या एका बाई तेवढ्या ओळीपाशीच रेंगाळल्या.

शुक्रवार चुकला. पुढच्या गुरुवारी रात्रीच्या गाडीने लक्ष्मी मांडीवर घेऊन निघाले. घरी पोचले तर देवघरावरच्या रिकाम्या खिळ्याला ताजा गजरा होता आणि खाली भिंतीवर कुंकवाचं बोट. आजीने तसबीर हातात घेतली, काच पदराने पुसली आणि मग, मी पहिल्यांदाच पाहिलं, चष्मा लावून जरीचे टाके मोजायला बसली.